कावळा कोणत्या शब्दाला शिवला

कुंदन विधातेला कुणीही नोट दिली तरी तो ती आधी उजेडाकडं धरून बघणार. मग देणारा सख्खा मेहुणा का असेना. आणि मेहुणा तर नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्येच कामाला. "अहो पाव्हणं, आमच्या हाताखालून गेलेली नोट हाय ती," असं मेहुणा एकदा हसत म्हणाला, तर कुंदन नोटेवरची नजर न काढता म्हणाला, "म्हणून तर बघू राह्यलो."

त्याची बायको साधना सगळ्यांना सांगायची, "ह्यांनी मंगळसूत्र घालायच्या आधी माझं तोंड दोनदा बघून घेतलं. पोरगी बदलली तर नाय ना म्हणून."

घर मखमलाबादच्या शिवारातलं. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी. बापाबरोबर पहाटे पाट्या उचलायच्या आणि फूलबाजारात जाऊन बसायचं, हे लहानपणापासूनचं. पण फुलात त्याचं मन नव्हतं. नव्वद सालानंतर लग्नाच्या व्हिडिओचं वेड गावोगाव पसरलं, तेव्हा हा एका शूटिंगवाल्याकडं लाईट धरायला लागला. हातात हजार वॅटचा हॅलोजन, मागं लांबलचक वायर, आणि घामाच्या धारा. त्या लाईटनंच त्याला संशयी केलं असं माझं मत आहे. लाईट पडला की माणूस हसायचा, पदर सावरायचा, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा. लाईट पुढं सरकला की तोच हात खाली यायचा आणि तोंड मूळपदावर जायचं. कॅमेऱ्यात फक्त हसू जायचं, मागचं सगळं लाईटवाल्याला दिसायचं. पंचवीस वर्षांच्या पोरानं दर लगीनसराईत हेच बघितलं, तर तो काय विश्वास ठेवणार कुणावर?

पुढं त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला आणि इंदिरानगरात एका बिल्डिंगखाली गाळा धरला. आत एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, देवाचा फोटो. लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरात घ्यायची, मिक्सिंग करायचं, सीडी काढून द्यायची.

ह्या धंद्याची एक रीत आहे. लग्नातला खरा आवाज कुणालाच नको असतो. खऱ्या आवाजात जेवणाच्या पंगतीतली कुरबूर असते, मानाच्या साडीवरून आत्यानं सुनावलेलं असतं, नवरदेवाच्या मामानं वाढप्याला घातलेली शिवी असते. म्हणून तो आवाज पुसायचा आणि पहिल्या फ्रेमपासून वर गाणी टाकायची. नवरी रडली तर रडायचं गाणं, वरात निघाली तर नाचायचं. कुंदनच्या कॅमेऱ्याचा माईक कधीच बंद पडला होता. त्यानं तो दुरुस्त केला नाही आणि एकाही गिऱ्हाइकाला ते कळलं नाही.

मिक्सिंगची सॉफ्टवेअरं मुंबईहून कुणी कुणी कॉपी करून आणलेली. कुंदनला एकावरही भरवसा नव्हता. निळी पट्टी हळूहळू भरत जायची, शंभर टक्के झालं म्हणायची आणि फाईल उघडली की आवाज अर्धी वाट चालून मागं पडलेला. "पट्टी खोटं बोलती," असं तो म्हणायचा. मग एक दिवस कॉम्प्युटर क्लासचा मास्तर तनय सीडी घ्यायला आला आणि त्यानं एक टूल टाकून दिलं. खिडकी नाही, बटण नाही, पट्टी नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि आपण टाईप करायचं.

"चित्राची फाईल एक, आवाजाची एक. दोन्हींची नावं लिहायची. ते दोन्हींची गाठ मारून तिसरी फाईल करतं. चित्राला हात लावत नाही, आवाजाला हात लावत नाही."

"कितीला?"

"फुकट आहे."

"फुकट? बनवलं कुणी?"

"जगभरातले लोक मिळून बनवतात."

"आन् त्यांना काय मिळतं?"

"काही नाही."

"मग तर नकोच," कुंदन म्हणाला. "पैसे घेणाऱ्याचा डाव कळतो. फुकट देणाऱ्याचा कळत नाय."

तरी त्यानं ते वापरून पाहिलं, पण आधी नेटची वायर काढून ठेवली. कितीतरी दिवस तो तसंच करायचा. मग हळूहळू त्याला ते टूल आवडायला लागलं. कारण ते जे करायचं ते पडद्यावर लिहून दाखवायचं. ही फाईल उघडली, ती उघडली, हे इथून घेतलं, ते तिथं ठेवलं. चुकलं तर चुकलं म्हणायचं. हार ओवताना फूल चुरगळायचं नसतं, नुसती सुई घालायची असते, तसं काम. माळ्याच्या पोराला ते पटलं.

आणि मग सावळीरामनानांचा दहावा आला. साल दोन हजार सात.

सावळीराम त्याच शिवारातला, भाजीपाला आणि फुलं पिकवणारा, वजनदार म्हातारा. मागं बायको आक्काबाई, मुलगा राज आणि मुलगी सुवर्णा. सुवर्णाला पेठच्या बाजूला दिलेलं. नवऱ्यानं दुसरी आणल्यावर ती माघारी आली आणि घरामागच्या एका खोलीत राहायला लागली. फूलबाजारात हार करून विकायची, कुणाच्या ताटात नव्हती. नाना होते तोवर खोलीचा विषय कुणी काढला नाही. पण घरामागचा रस्ता रुंद झाला होता आणि मागची खोली पाडली तर तिथं चांगले चार गाळे निघत होते. हे राजच्या डोक्यात होतं. ते त्याच्या डोक्यात आहे हे सुवर्णाला माहीत होतं.

आमच्याकडं पिंडाला कावळा शिवेना की लोक समजतात, गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग घरच्यानं पुढं होऊन एकेक बोलायचं. तुमचं हे करू, तुमचं ते बघू. ज्या बोलण्याला कावळा शिवला ती म्हाताऱ्याची इच्छा. ते मग पाळावं लागतं. भाऊकी लक्षात ठेवते.

गोदावरीच्या घाटावर त्या दिवशी कावळा शिवेना. महाराजांचं प्रवचन झालेलं, त्यांचा माईक तिथंच होता. माईकवाल्यानं तो राजच्या हातात दिला. राज म्हणाला, "नाना, गावच्या देवळाला तुमच्या नावानं कळस चढवतो." कावळा खाली आला, उडाला. लोक ओरडले, "आला, आला!" पुन्हा आला, पुन्हा उडाला. पुन्हा ओरडा. झाडावर नुसती फांदी हलली तरी लोक ओरडत होते. माईक ह्याच्या हातून त्याच्या हातात गेला. शामसुंदर गुरुजी म्हणाले, "अजून काही राहिलं असेल तर बोला. मनातलं बोला." तेव्हा राज म्हणाला, "सुवर्णीला मागच्या खोलीतून कुणी उठवणार नाय." ह्या सगळ्या गडबडीत कधीतरी कावळा शिवला, नेमका कधी ते कुणी बघितलं नाही, पिंड चोचलेला दिसला आणि लोक अंघोळीला पळाले.

संध्याकाळीच घरात दोन बाजू पडल्या. राज म्हणाला, कावळा कळसाला शिवला, खोलीचं मी नंतर लोकांच्या रेट्यात बोललो. सुवर्णा म्हणाली, खोलीला शिवला. आक्काबाई बायकांच्या घोळक्यात मागं पायऱ्यांवर उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय दिसलं नाय बाबा." मग भाऊकीतलं कुणीतरी म्हणालं, "भांडता कशाला? शूटिंग केलंय की कुंदननं. सीडीत बघा."

कुंदननं आधी घाट, माणसं, गुरुजी असं सगळं घेतलं होतं आणि राज बोलायला लागल्यापासून पिंडावर झूम लावला होता. चोच टेकलेली स्वच्छ दिसत होती. फक्त आवाज नव्हता. आवाज होता माईकवाल्याकडं. तो महाराजांच्या प्रवचनाच्या सीड्या विकायचा, म्हणून सगळं रेकॉर्ड करायचा. कुंदननं त्याच्याकडून ती फाईल आणली, काळ्या पडद्यावर दोन नावं लिहिली, गाठ मारली आणि सीडी राजला देऊन टाकली. सीडीत राज "कळस" म्हणतो आणि त्याच क्षणी चोच भातात जाते. राजनं ती भाऊकीला दाखवली आणि बहिणीला सांगितलं, सामान काढ.

दोन दिवसांनी सुवर्णा गाळ्यावर आली. बोटं झेंडूनं पिवळी झालेली. सीडी टेबलावर आपटली.

"दादानं किती दिले, कुंदनभाऊ?"

"सीडीचे होतात ते."

"त्याच्यावर किती?"

"ओ ताई, तोंड सांभाळून बोला."

"मी नाय बोलत. तुमची सीडी बोलू राह्यली. लावा ती."

त्यानं लावली. ती टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवलं. "हे शामसुंदर गुरुजी. तांब्या तोंडाला लावून पाणी पिऊ राह्यले. आन् आवाज बघा, मंत्र चालू हे. तोंडात पाणी धरून मंत्र म्हणता येतो का?"

कुंदननं पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. गुरुजी गटागटा पाणी पीत होते आणि मंत्र चालू होता.

त्यानं लग्नात गाणी टाकतात तसा आवाज टाकला होता. पहिल्या फ्रेमपासून. कॅमेरा आपण कधी चालू केला, माईकवाल्यानं रेकॉर्डर कधी चालू केला, ह्याचा विचारच केला नव्हता. इतकी वर्षं कुणाचे ओठ कुठं हलतात ते बघायची वेळच आली नव्हती. जगातल्या प्रत्येकावर त्यानं संशय घेतला होता, फक्त स्वतःचा हात तेवढा सोडून.

"चुकलं," तो म्हणाला. "नीट करतो."

"आता नीट म्हंजे कुणाच्या बाजूनं?" असं म्हणून ती गेली.

ती गल्लीच्या टोकाला पोचली नसेल तोच राजचा फोन. "ती आलती ना तिकडं? काय दिलं तिनं, फुलं?"

"राजभाऊ, सीडीत चूक झालीय."

"चूक कुणाला दिसली? तिला. आपल्याला दिसली का? नाय. भो, झालं ते झालं. चैत्रात पोरीचं लगीन हाय. शूटिंग, फोटो, स्क्रीन, सगळं तुझ्याकडं देऊ राह्यलो. आता तू बघ." फोन ठेवला.

कुंदननं गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि कामाला बसला. चित्रात आणि आवाजात एकदमच घडलेली एक गोष्ट हवी होती. लोकांचं "आला, आला" कामाचं नव्हतं, ते कधीही ओरडत होते. शेवटी सापडली. राजला माईक देण्याआधी माईकवाल्यानं त्यावर बोटानं टिचकी मारली होती. चित्रात बोट दिसत होतं, आवाजात टक टक होती. दोन्ही जुळेपर्यंत त्यानं आकडा बदलून बदलून गाठ मारली. आवाज बराच अलीकडं सरकला. गुरुजींचं पाणी पिणं शांततेत गेलं, मंत्र तोंडावर आला. मग त्यानं कावळ्याची जागा लावली.

चोच टेकली तेव्हा राज काहीच बोलत नव्हता. कळसाचं बोलून झालं होतं, खोलीचं अजून यायचं होतं. माईक माईकवाल्याच्या हातात, मागं बायकांच्या बाजूला. आवाजात नुसती खरखर आणि त्या खरखरीत कुणीतरी बाई पुटपुटल्यासारखं. कुंदननं आवाज चौपट केला आणि हेडफोन कानाला दाबला. नानांची बहीण भागीबाई होती ती. शेजारणीला विचारत होती, "अगं, माझ्या चपला कुठं गेल्या?"

कावळा कळसाला शिवला नव्हता. खोलीला शिवला नव्हता. आता काय सांगायचं, ह्या विचारात तो बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडं बघत बसला. शेवटी त्यानं ठरवलं, आहे ते दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. आवाज वाढवलेली फाईल त्यानं पुसून टाकली. मेलेल्या माणसाच्या पिंडाशेजारी चपलांची गोष्ट कशाला ऐकवायची कुणाला?

नवी सीडी तयार आहे असं त्यानं दोघांना कळवलं, पण राज ऐकेना. "तू घरी बसून काहीबी जोडशील. आमच्या डोळ्यासमोर जोड." मग रविवारी दुपारी तिघं गाळ्यावर आले. राज, सुवर्णा आणि आक्काबाई. आक्काबाईला खुर्ची दिली. बाकीचे उभे.

काळा पडदा उघडला तसा राज पुढं वाकला. "हे काय? मशीन बंद पडलं?"

"नाही. इथं लिहायचं असतं." कुंदननं एकेक अक्षर टाईप केलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "हे चित्राचं नाव. हे आवाजाचं. हा आकडा, आवाज किती अलीकडं घ्यायचा त्याचा. आणि हे शेवटी नव्या फायलीचं नाव."

"आकडा कुणी ठरवला?"

"मी."

"म्हंजे तूच ठरवला, कावळा कुठं बसवायचा ते."

"राजभाऊ, हे बोट बघा. माईकवाल्याचं. टिचकी बघा आणि आवाज ऐका."

"बोट त्याचंच कशावरून?"

"दादा, आता बोटाला बी कागद मागतो का?" सुवर्णा म्हणाली. पण तिचीही नजर कुंदनच्या हातावरून हलत नव्हती.

कुंदननं बटण दाबलं. पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली.

"झालं?" राज म्हणाला. "लग्नाच्या सीडीला महिना लावतो तू. आन् हे एवढ्यात झालं?"

"त्याला गाणी टाकावी लागतात."

"मला येडा समजतो का?"

"राज," आक्काबाई म्हणाली, "लावू दे त्याला."

कुंदननं लावलं. घाट दिसला, लोक दिसले, पिंड दिसला. टक टक. मग राजचा आवाज, कळसाचं बोलणं. कावळा आला, उडाला. ओरडा. पुन्हा आला, पुन्हा उडाला. मग खरखर. कावळा तिसऱ्यांदा उतरला, मान वाकडी केली आणि चोच भातात घातली. खरखर चालूच. मग गुरुजी, "अजून काही राहिलं असेल तर," आणि मग राजचं खोलीचं बोलणं. तोवर कावळा उडून गेलेला.

 राजनं लांब श्वास सोडला.

"म्हंजे कळसाला बी नाय आन् खोलीला बी नाय. म्हाताऱ्यानं मला कशातच बांधलं नाय. मिटलं." तो बहिणीकडं वळला. "सुवर्णे, ऐकलं ना? आता काय राह्यलं का बोलायला?"

 सुवर्णानं हट्टानं सीडी दुरुस्त करून घेतली होती आणि दुरुस्त सीडीनंच तिची खोली नेली होती.

"थांब," आक्काबाई म्हणाली. "मधी कोण बोललं ते?"

"कुठं?"

"चोच घातली तवा. बाईमाणूस बोललं. मागं घे रे बाबा."

 कुंदननं मागं घेतलं. खरखर, आणि खरखरीत ते पुटपुटणं.

"ते मी बोलले," आक्काबाई म्हणाली.

"तू?" राज तिच्याकडं बघत राहिला. "तू तर म्हणली, मला काय दिसलं नाय."

"दिसलं नाय म्हणले. बोलले नाय असं कुठं म्हणले?"

"काय बोलली?"

"म्हणले, जावा आता. पोरीची काळजी माझ्याकडं लागली. तिला त्या खोलीतून कुणी हलवत नाय." आक्काबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "तवा ते शिवले."

"मग इतके दिवस तोंड का नाय उघडलं?"

"नवरा-बायकोतलं बोलणं हे. चारचौघांत सांगायचं असतं का?"

 राज कुंदनकडं वळला. "आवाज वाढव."

कुंदनचा हात माऊसवर होता. दोन शब्द टाईप केले असते तर भागीबाईच्या चपला अख्ख्या गाळ्यात ऐकू आल्या असत्या. त्यानं आक्काबाईकडं बघितलं. ती विनवणी करत नव्हती. सरळ बघत होती.

"वाढव की," तीच म्हणाली. "मी काय घाबरते का?"

ही बाई खोटं बोलू राह्यली, की दुसऱ्या कुठल्या क्षणी खरंच असं काही बोलली होती आणि ती खरखर तिला आपली वाटली, हे कुंदनला कळेना. ती खरंच बेफिकीर होती की पट्टीची खेळणारी, तेही कळेना. त्यानं सुवर्णाकडं बघितलं. सुवर्णा त्या दिवशी घाटावर आईच्या शेजारीच, तिचा हात धरून उभी होती. ती आता जमिनीकडं बघत होती.

"नाही वाढत," कुंदन म्हणाला.

"काय?"

"माईक लांब होता. आहे तो एवढाच आवाज."

"कॉम्प्युटरात आवाज वाढत नाय?"

"हा नाही वाढत."

राज काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या पांढऱ्या रेघेकडं बघत राहिला. "तुझ्या ह्या काळ्या पडद्यात आवाज मागं सरकतो, पुढं सरकतो. आन् वाढत तेवढा नाय." मग कुंदनच्या तोंडाशी तोंड आणून, हळू आवाजात, "तुला काय दिलं रे ह्यांनी?"

"राज," आक्काबाई उठली. "मी हितं उभी हाय ना? त्याला काय विचारतो? मला विचार. मी आत्ता बोलते परत. पोरगी त्या खोलीत राहील. झालं? आता मशीन बंद करायला सांग आन् घरी चल."

 भाऊकीत जाऊन आई खोटं बोलते असं सांगायचं म्हणजे दहाव्याच्या पिंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. हे राजला कळत होतं आणि त्याला ते कळतं हे आक्काबाईला माहीत होतं. तो पायात बूट न घालताच बाहेर पडला, ते हातात घेऊन.

खोली राहिली. गाळे पुढच्या बाजूला निघाले, तीनच. राजच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग द्वारकेच्या एका स्टुडिओला गेलं, आणि त्या लग्नातून पुढची जी काही लग्नं निघाली असती तीही तिकडंच गेली. राज अजून कुणालाही सांगतो, इंदिरानगरातला तो शूटिंगवाला विकला गेलेला माणूस आहे. कुंदनच्या कानावर येतं. साधना चिडते, "जाऊन विचारा ना त्याला, काय घेतलं आपण?" कुंदन म्हणतो, "जाऊ दे, असं कुणाकुणाला विचारत फिरणार?" नोट उजेडाकडं धरणाऱ्या माणसाचं हे उत्तर ऐकून तिला नवऱ्याचाच संशय आला, असं ती सांगते.

मात्र त्याला स्वतःला एक गोष्ट सोडवेना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो फूलबाजारात गेला. सुवर्णा झेंडूच्या ढिगामागं बसून हार ओवत होती. गर्दीत थोडी जागा झाली तशी त्यानं वाकून विचारलं.

"ताई, खरं सांगा. त्या दिवशी घाटावर आईचा आवाज ऐकू आला होता का तुम्हाला?"

तिनं मान वर केली नाही. सुई फुलातून ओढून घेतली.

"तुमचं मशीन काय म्हणलं होतं?"

"एवढाच आवाज आहे म्हणलं."

"मग मला बी तेवढाच आला," ती म्हणाली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला मावशी, केवढा देऊ?"